नामचेला दोन रात्री कशासाठी? नेपाळचा ट्रेक, उंची आणि आपलं शरीर

एव्हरेस्ट बेस कॅम्प ट्रेकचा कार्यक्रम हातात पडला की बहुतेकांची नजर एका ओळीवर थबकते: तिसरा दिवस, नामचे बाजार, विश्रांती. पुढे डिंगबोचेलाही तेच. चालायला गेलोय आणि हे बसवून का ठेवतायत, असा प्रश्न पडतो. हे दोन दिवस गाळले तर सुट्टी वाचते, पैसे वाचतात, आणि ते गाळून 'झटपट' ट्रेक विकणारेही भेटतात. स्पष्टच सांगायचं तर अख्ख्या कार्यक्रमात सगळ्यात महत्त्वाचे दिवस हेच दोन. बाकीच्या दिवसांत पाय काम करतात. या दिवसांत मूत्रपिंडं, फुप्फुसं आणि रक्त काम करतात, आणि त्यांना घाई केलेली चालत नाही.

सह्याद्रीत वर्षानुवर्षं भटकणाऱ्यांना हे पटवून देणं जरा अवघड जातं. पाय तयार असतात, दम असतो, पाठीवर ओझं घेऊन दिवसभर चालायची सवय असते. पण महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, कळसूबाई, १,६४६ मीटरचं आहे. नामचे बाजार ३,४४० मीटरवर, म्हणजे दुपटीहून उंच, आणि बेस कॅम्पचा ट्रेक तिथून पुढे खरा चढायला लागतो. सह्याद्रीत सगळ्याची परीक्षा होते, उंचीची होत नाही. त्यामुळे आपल्याला उंची मानवते की नाही, हे तिथे कितीही फिरलं तरी कळत नाही.

सुरुवात हवेपासून करू. 'वर ऑक्सिजन कमी असतो' असं आपण म्हणतो, ते अर्धंच खरं आहे. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण सगळीकडे तेवढंच असतं, जवळजवळ २१ टक्के. समुद्रकिनाऱ्यावरही आणि एव्हरेस्टच्या माथ्यावरही. कमी होतो तो हवेचा दाब. वर जाऊ तशी हवा विरळ होते आणि एका श्वासात ऑक्सिजनचे कण कमी येतात. शिवाय फुप्फुसातून रक्तात ऑक्सिजन शिरतो तो दाबाच्या जोरावर. तो जोरच ओसरतो. नामचेला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश उरतो, ५,३६४ मीटरवरच्या बेस कॅम्पला निम्म्याहून थोडा जास्त, आणि ८,८४८.८६ मीटरच्या शिखरावर एक तृतीयांश.

आता शरीर काय करतं? पहिली गोष्ट अगदी ताबडतोब होते: श्वास वाढतो. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांपाशी ऑक्सिजन मोजणाऱ्या अगदी लहान ग्रंथी असतात. रक्तातला ऑक्सिजन घसरला की त्या मेंदूला कळवतात, आणि आपण जास्त आणि खोल श्वास घ्यायला लागतो. इथवर ठीक. अडचण पुढे आहे. श्वास वाढला की कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर पडतो, त्यामुळे रक्ताची आम्लता कमी होते. आणि एरवी श्वासाचा वेग ठरवणारा मेंदूतला भाग ऑक्सिजनपेक्षा कार्बन डायऑक्साइडकडेच जास्त लक्ष ठेवून असतो. तो कमी झालेला दिसला की मेंदू म्हणतो, पुरे, आता श्वास कमी कर. म्हणजे एक पाय अ‍ॅक्सिलरेटरवर आणि दुसरा ब्रेकवर, अशी अवस्था होते. शरीराला हवा हवी आहे, पण मनासारखा श्वास घेता येत नाही.

हा ब्रेक सैल करण्याचं काम मूत्रपिंडं करतात. रक्तातला जादा बायकार्बोनेट हा क्षार ती लघवीवाटे बाहेर टाकतात आणि रक्ताची आम्लता हळूहळू पूर्ववत आणतात. मग मेंदूची हरकत संपते आणि श्वास मोकळा वाढतो. या सगळ्याला काही दिवस लागतात. तुम्ही मॅरेथॉन धावत असा किंवा आयुष्यात पहिल्यांदाच बूट चढवले असोत, मूत्रपिंडं आपल्याच गतीने चालतात. नामचेच्या दुसऱ्या रात्रीचं कारण हे आहे.

लाल पेशी वाढतात आणि म्हणून उंचीची सवय होते, असं बरेच जण सांगतात. वाढतात, पण त्याला आठवडे लागतात. पहिल्या दिवसांत रक्त थोडं दाट होतं ते त्यातला पाण्याचा भाग कमी झाल्यामुळे. दहाबारा दिवसांच्या ट्रेकमध्ये तुम्हाला तारून नेतो तो मुख्यतः वाढलेला श्वास.

ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटरची ही ओढाताण रात्री अगदी उघड दिसते. झोपेत माणसाचा श्वास वाढत वाढत जातो, मग एकदम थांबतो. काही सेकंद काहीच नाही. मग धाप लागल्यासारखा मोठा श्वास, आणि पुन्हा तेच चक्र. टी-हाऊसच्या, म्हणजे वाटेवरच्या साध्या लॉजच्या, खोलीत पातळ फळीपलीकडून हे ऐकणाऱ्याची झोप उडते. ज्याचं चाललंय तोही दचकून जागा होतो. उंचीवर हे बहुतेकांना होतं आणि एवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. पण यातूनच एक महत्त्वाचा नियम निघतो. झोपेत श्वास मंदावतो आणि रक्तातला ऑक्सिजन दिवसापेक्षा खाली जातो, म्हणून दिवसा किती उंच चढलात यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपलात याला महत्त्व आहे. विश्रांतीचा दिवस खोलीत लोळून काढायचा नसतो तो यामुळेच. नामचेहून ३,८८० मीटरवरच्या एव्हरेस्ट व्ह्यू हॉटेलपर्यंत चढायचं, तिथे थोडा वेळ थांबायचं आणि झोपायला खाली नामचेलाच यायचं.

हे जमवून घेण्याआधीच आपण वर गेलो तर उंची लागते. नेपाळी लोक 'लेक लाग्यो' म्हणतात. सौम्य प्रकारात डोकं दुखतं, भूक मरते, मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं, चक्कर येते. चढल्यानंतर काही तासांनी किंवा पहिल्या रात्री हे सुरू होतं. तिथेच थांबलं तर बहुतेकांना एकदोन दिवसांत बरं वाटतं. याच अवस्थेत वर गेलं तर दोन गंभीर आजार होऊ शकतात, आणि दोन्ही जीव घेऊ शकतात.

पहिला मेंदूला सूज येण्याचा. माणूस गोंधळतो, विचित्र वागतो, विनाकारण चिडतो किंवा अगदी गप्प होतो, आणि त्याचा तोल जातो. हा तोल तपासण्याची एक साधी पद्धत प्रत्येक ट्रेकरला यायला हवी. टी-हाऊसच्या जमिनीवर फळीची एक सरळ रेघ निवडायची. एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना चिकटवत त्या रेघेवर दहाबारा पावलं चालायला सांगायचं. आधी तुम्ही चालून दाखवा, म्हणजे त्याला नेमकं काय करायचं ते कळेल आणि जमीन सरळ आहे याचीही खात्री होईल. तो लडखडला, हात पसरून सावरायला लागला, रेघ सोडून पाय टाकायला लागला, तर थकवा, थंडी, अपुरी झोप असली कारणं शोधत बसू नका. त्याला तेव्हाच खाली न्या. 'मी ठीक आहे, मला झोपू द्या' असं तो म्हणेल. त्याचं ऐकू नका, कारण ज्या मेंदूने निर्णय घ्यायचा तोच आजारी आहे.

दुसरा आजार फुप्फुसांचा. ऑक्सिजन कमी पडला की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात, पण सगळीकडे सारख्या नाहीत. जिथे कमी आकसतात तिथे रक्ताचा दाब फार वाढतो आणि पाणी झिरपून हवेच्या जागेत साचतं. याची पहिली खूण खोकला नसते. काल सगळ्यांबरोबर चालणारा माणूस आज सारखा मागे पडतो, ही असते. मग बसल्या जागी धाप लागते, आडवं झालं की गुदमरतं, खोकला येतो, ओठ आणि नखं निळसर होतात. शेवटी गुलाबी फेसाळ कफ पडतो. उंचीवर आल्यानंतर साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी हा आजार डोकं वर काढतो. उंचीच्या आजारांत सर्वाधिक मृत्यू याने होतात. चढताना सगळ्यांनाच धाप लागते. ती थांबल्यावर काही मिनिटांत उतरते का, इकडे लक्ष ठेवा.

दोन्हींवर खरा इलाज एकच, खाली उतरणं. अंधार असो, थंडी असो, बिलं भागवायची राहिलेली असोत. आदल्या रात्री जिथे ठणठणीत होता तिथपर्यंत, निदान ५०० ते १,००० मीटर तरी खाली. ऑक्सिजन, मेंदूच्या सुजेला डेक्सामेथासोन, फुप्फुसांच्या आजाराला निफेडिपिन, ही उतरेपर्यंत वेळ मिळवून देणारी मदत आहे. काही ठिकाणी गॅमो बॅग असते: माणूस मावेल एवढी हवाबंद पिशवी. आजाऱ्याला आत निजवून चेन लावतात आणि पायाने पंप मारत राहतात. आतला दाब वाढतो आणि वर बसल्या बसल्या दीड-दोन हजार मीटर खाली उतरल्यासारखा परिणाम होतो. पंप थांबवता येत नाही, कारण आतल्या माणसाला ताजी हवाही त्यातूनच मिळते. तासाभराने तो बरा होऊन उठतो, आणि फसगत होते ती इथेच. बरं वाटलं म्हणून मुक्काम केला तर काही तासांत दुखणं परत येतं. ती वेळ उतरण्यासाठी मिळालेली असते.

आता कार्यक्रम कसा वाचायचा ते पाहू. डॉक्टरांचा सर्वमान्य सल्ला असा: ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जादा काढावी. पॅकेजच्या कागदावरची चालण्याची अंतरं आणि फोटो बाजूला ठेवा, फक्त मुक्कामांची उंची लिहून काढा. बेस कॅम्पचा नेहमीचा मार्ग असा दिसतो: विमान उतरतं ते लुकला २,८६० मीटर, पण पहिला मुक्काम त्याहून खाली, फाकडिंगला, २,६१०. मग नामचे ३,४४०, दोन रात्री. तेंगबोचे ३,८६०. डिंगबोचे ४,४१०, दोन रात्री. लोबुचे ४,९४०. गोरक शेप ५,१६४. फाकडिंग ते नामचे ही उडी ८३० मीटरची आहे, नियमात न बसणारी. वाटेत सोयीचं मोठं गाव नाही म्हणून ती घ्यावी लागते आणि तिची भरपाई दुसऱ्या रात्रीने होते. तेंगबोचेनंतरच्या दोन उड्या ५०० च्या जरा वर जातात, त्यांना डिंगबोचेची जादा रात्र सांभाळते. ती काढून टाकली की नामचेहून तीन रात्रींत दीड हजार मीटर, तेही ५,००० च्या आसपास. असं पॅकेज कितीही स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका.

अन्नपूर्णा बेस कॅम्प 'सोपा' म्हणून ओळखला जातो, कारण तो ४,१३० मीटरवरच संपतो. पण देउरालीहून, ३,२३० मीटरवरून, सकाळी निघून त्याच रात्री बेस कॅम्पला झोपायचं असा कार्यक्रम सर्रास असतो. एका दिवसात ९०० मीटर. बऱ्याच जणांचं निभावतं, कारण दुसऱ्या दिवशी उतार लागतो. डोकं दुखत असेल तर ३,७०० मीटरवरच्या माछापुछ्रे बेस कॅम्पला मुक्काम करावा आणि पहाटे बरं वाटलं तरच वर जाऊन यावं, बघायचं काहीच चुकत नाही.

हा घाईचा प्रश्न पूर्वी एवढा नव्हता. १९५३ साली हिलरी आणि तेनसिंगची मोहीम काठमांडूच्या खोऱ्यातून चालत निघाली होती आणि खुंबूत, म्हणजे एव्हरेस्टच्या पायथ्याच्या भागात, पोहोचायला तिला दोन आठवड्यांहून जास्त लागले. नंतर जिरीपर्यंत रस्ता आला, तरी वाटेत साडेतीन हजार मीटरची लामजुरा खिंड ओलांडावी लागायची. शरीर आपोआप तयार व्हायचं. १९६४ मध्ये हिलरींच्या पुढाकाराने लुकलाची धावपट्टी झाली. ती शाळा-दवाखान्यांचं सामान आणायला बांधली होती, पण तिच्यामुळे परदेशी पाहुणे अर्ध्या तासात २,८६० मीटरवर उतरायला लागले. १९७३ साली काठमांडूत हिमालयन रेस्क्यू असोसिएशन स्थापन झाली आणि डिंगबोचेच्या जवळच फेरिचेला तिचा दवाखाना उभा राहिला. तिथे डॉक्टर पीटर हॅकेट आणि सहकाऱ्यांनी २७८ ट्रेकरची तपासणी केली. १९७६ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात निम्म्याहून अधिक लोकांना उंचीचा त्रास होत असल्याचं दिसलं, आणि लुकलाला विमानाने आलेल्यांमध्ये तो चालत आलेल्यांपेक्षा जास्त होता. ही संस्था आजही मोसमात फेरिचे आणि मनांगला दवाखाने चालवते, आणि उंचीबद्दल ट्रेकरना रोज मोफत माहिती देते. वाटेत असाल तर ती चुकवू नका.

लुकलाला जे विमानाने झालं ते आता अन्नपूर्णा प्रदक्षिणेच्या वाटेवर जीपने होतंय. बेसीसहर सुमारे ७६० मीटरवर, मनांग साडेतीन हजारांवर, आणि रस्ता मनांगपर्यंत गेला आहे. वेळ वाचवायला जीपने वर जायचं आणि लगेच ५,४१६ मीटरची थोरोंग खिंड गाठायची, हा बेत धोक्याचा आहे. जीपने गेलातच तर मनांगला नेहमीपेक्षा जास्त रात्री काढा.

मुक्तिनाथाबद्दल थोडं सविस्तर लिहायलाच हवं, कारण तिकडे आपल्याकडून ट्रेकरपेक्षा आईवडिलांच्या वयाची माणसं जास्त जातात. पोखरा सुमारे ८२० मीटरवर. तिथून विमानाने वीसेक मिनिटांत जोमसोम, २,७४० मीटर. मग जीपने मुक्तिनाथ, साधारण ३,७५० मीटर. त्यातून पुढे पायऱ्या, उपवास, आणि १०८ गोमुखांखाली बर्फासारख्या पाण्याने स्नान. एका सकाळीत जवळजवळ ३,००० मीटर चढून गेलेल्या शरीराला हे सगळं एकदम झेपवायला लावणं बरं नव्हे. दर्शन घेऊन त्याच दिवशी जोमसोम किंवा मार्फाला उतरता येत असेल तर मुक्काम खालीच ठेवा. येताना आणि जाताना दोन्ही वेळा खाली मुक्काम असला तर उत्तम. हृदयविकार, दमा, फुप्फुसाचे जुने आजार असतील तर निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला. ४,३८० मीटरवरच्या गोसाइंकुंडावर श्रावण पौर्णिमेला दोन दिवसांत चढून जाणाऱ्या यात्रेकरूंची पाहणी झाली आहे. त्यांतही निम्म्याहून अधिक लोक आजारी आढळले. यात्रेकरू ट्रेकरपेक्षा भरभर चढतात, आणि त्रास हा यात्रेचाच भाग मानून अंगावर काढतात. देवाच्या दारात जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना ही माहिती कोणीतरी आधी द्यायला हवी, आणि ते काम बरोबर जाणाऱ्या तरुणांचंच आहे.

औषधांमध्ये डायमॉक्स, म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड, हे नाव सगळ्यांना माहीत असतं. ते मूत्रपिंडांना बायकार्बोनेट लवकर टाकायला लावतं, म्हणजे जे काम शरीर करतच असतं त्याला वेग देतं. प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायला लागण्याच्या आदल्या दिवसापासून, असं दिलं जातं. लघवी जास्त होते, बोटांना मुंग्या येतात. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना सांगा. गोळी त्यांच्या सल्ल्यानेच घ्या. हे औषध लक्षणं झाकतं असा समज आहे, तो चुकीचा आहे. डोकेदुखीवर वेदनाशामक गोळी घेऊन मात्र वर चढू नका.

कापराची पुडी हुंगण्याचा उपयोग होतो याला पुरावा नाही. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. टी-हाऊसमधलं लसणाचं सूपही तसंच. गरम आहे, चवीचं आहे, जरूर प्या, पण औषध समजून नको. पाणी पुरेसं प्यावं, पण भरपूर पाणी प्यायल्याने उंची लागायची टळत नाही. दारू आणि झोपेच्या गोळ्या श्वास मंदावतात, म्हणून त्या टाळाव्यात. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर बरोबर असेल तर त्याच्या आकड्यात गुंतू नका. पाच हजार मीटरवर ८० च्या आसपासचा आकडा ठणठणीत माणसालाही दिसतो, थंड बोटांवर तो आणखी चुकतो. आकडा चांगला आहे पण माणूस तोल सावरू शकत नाही, अशा वेळी माणसाकडे बघा.

एवढं सगळं माहीत असूनही लोक आजारी अवस्थेत वर का जातात? बहुतेक वेळा कारण वैद्यकीय नसतं. परतीचं तिकीट काढलेलं असतं, सुट्टी मोजून घेतलेली असते, माझ्यामुळे सगळा ग्रुप अडकेल याची लाज वाटते. डोकं दुखतंय हे लपवलं जातं. म्हणून काठमांडू सोडण्यापूर्वीच ग्रुपमध्ये ठरवून टाका: त्रास होणाऱ्याने सांगायचं, तो थांबला तर त्याच्याबरोबर कोण थांबेल, आणि तो एकटा खाली जाणार नाही. लुकलाची विमानं हवामानामुळे तसंही रद्द होतात, त्यासाठी दोन दिवस मोकळे ठेवावेच लागतात. तेच दिवस इथेही कामी येतात. गाइड घेतलात तर त्याला पहिल्याच दिवशी सांगा की तू 'खाली' म्हणालास की आम्ही वाद घालणार नाही. एप्रिल २०२३ पासून नेपाळ टुरिझम बोर्डाने परदेशी ट्रेकरना परवानाधारक गाइड बंधनकारक केला आहे. खुंबूतल्या स्थानिक पालिकेची भूमिका मात्र वेगळी राहिली, त्यामुळे निघण्यापूर्वी चालू नियम बघून घ्या.

हेलिकॉप्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ते रात्री येत नाही, ढगात येत नाही. विम्यात किती उंचीपर्यंत सुटका धरली आहे ते नीट वाचा. काही पॉलिसी ४,००० मीटरलाच थांबतात. उलटही होतं: किरकोळ त्रासासाठी हेलिकॉप्टर बोलवायला लावून विम्याचे पैसे लाटण्याचे प्रकार २०१८ मध्ये नेपाळ सरकारच्या चौकशीत उघड झाले. चालता येत असेल आणि वाट उताराची असेल तर पायी उतरणं हा बहुधा सर्वांत लवकर सुरू होणारा उपचार असतो.

शेवटी तुमची बॅग वाहणाऱ्या माणसाबद्दल. सगळे भरिया शेर्पा नसतात. शेर्पांच्या पूर्वजांना उंचीवर राहण्याचा हजारो वर्षांचा वारसा आहे. त्यांच्याच तिबेटी भाऊबंदांमध्ये आढळणारा, उंची मानवायला मदत करणारा इपीएएस१ जनुकाचा खास प्रकार डेनिसोवन या लुप्त मानवगटाकडून आल्याचं २०१४ मध्ये दिसून आलं. पण बरेच भरिया राई, तामांग अशा समाजांतले, मधल्या डोंगरांतल्या शेतकरी कुटुंबांतले असतात. त्यांचं गाव हजार-दीड हजार मीटरवर असतं, उंची त्यांनाही आपल्याइतकीच लागते, आणि वर ओझं असतं. रोजगार बुडेल म्हणून ते डोकेदुखी आपल्याहून जास्त लपवतात. एजन्सी ठरवताना त्यांचा विमा आहे का, गरम कपडे आणि झोपायची जागा कोण देतं, ओझं किती, हे विचारा. संध्याकाळी ग्रुपची विचारपूस कराल तेव्हा त्यांचीही करा. जमिनीवरच्या रेघेवर चालायची तपासणी त्यांच्यासाठीही तीच आहे. भरिया आजारी पडला तर त्याचा हिशेब चुकता करून त्याला एकट्याला खाली पाठवू नका. त्याची भाषा येणारा कोणीतरी बरोबर द्या, उपचाराला लागतील एवढे पैसे द्या, आणि तो खाली पोहोचला का याची त्याच दिवशी फोनवर खात्री करून घ्या.